टॅलीत मालाची एककं कशी नोंदवायची: खानदेशातल्या व्यापाऱ्यांसाठी नियम, कागदपत्रं आणि पद्धत

नव्या आर्थिक वर्षात बरेच जण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी कंपनी, म्हणजे धंद्याच्या हिशेबाची नवी फाइल, उघडतात. खातेवह्या, जुन्या बाक्या सगळं तपासून भरलं जातं आणि एककाची चौकट मात्र घाईत उरकली जाते. कृपया तसं करू नका. मालाला एकक जोडून त्यावर व्यवहार झाले, की ते मूळ एकक सरळ बदलता येत नाही. म्हणून पहिलं बिल करण्याआधीच हे ठरवून घ्या.

कुणाला लागू?

जीएसटी नोंदणी असलेल्या आणि माल विकणाऱ्या प्रत्येकाला. जीएसटी नियम ४६ प्रमाणे करबिलावर मालाचं परिमाण आणि एकक लागतं. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणातल्या तक्ता १२ मध्ये एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) आणि त्यासोबत यूक्यूसी, म्हणजे एककाचा ठरलेला सरकारी कोड, भरावा लागतो. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर एचएसएन ४ अंकी, त्यापुढे ६ अंकी. कंपोझिशनवाले, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारे छोटे व्यापारी, जीएसटीआर-१ भरत नाहीत, पण साठा जुळवायला एकक त्यांनाही हवंच. टॅलीत एकक तयार करायला फी नाही, वेगळा परवाना नाही.

जवळ काय ठेवायचं?

जीएसटी प्रमाणपत्र, एचएसएनसह मालाची यादी, प्रत्येक मालाचं एखादं अलीकडचं खरेदी बिल आणि काट्याच्या पावत्या. शिवाय वैधमापन विभागाचं काटा पडताळणी प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करायची असते. ती चुकवू नका, कारण टॅलीतलं वजन शेवटी काट्यावरूनच येतं.

पद्धत

टॅलीत एफ११ ही कळ दाबून साठ्याची नोंद चालू करा. मग गेटवे ऑफ टॅलीवरून क्रिएट, तिथून युनिट. प्रकार सिंपल ठेवा. चिन्ह आणि पूर्ण नाव लिहा, यूक्यूसी निवडा: किलोला केजीएस, क्विंटलला क्यूटीएल, नगाला एनओएस, ग्रॅमला जीएमएस.

पुढची चौकट दशांश स्थळांची, आणि खरी गफलत इथेच होते. समजा कापूस भरला १२ क्विंटल ४७ किलो. दशांश शून्य ठेवला असेल तर १२.४७ लिहिताच येणार नाही. ७,००० रुपये भाव धरला, तर ४७ किलोचे ३,२९० रुपये होतात. म्हणून क्विंटलला दोन, किलोला आणि सोन्याच्या ग्रॅमला तीन स्थळं ठेवा.

जिनिंगवाल्यांनी, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्यांनी, गाठीचा विचार स्वतंत्र करावा. बोलण्यात गाठ १७० किलोची आणि रुईचा भाव खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोवर. प्रत्यक्षात प्रत्येक गाठीचं वजन थोडं पुढंमागं होतंच. त्यामुळे ‘१ गाठ = १७० किलो’ असं कंपाउंड युनिट (ठरलेल्या प्रमाणाने जोडलेली दोन एककं) बांधू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मूळ एकक किलो ठेवा, मालाच्या नोंदीत गाठ पर्यायी एकक म्हणून घ्या आणि बिलावर खरं वजन लिहा. भाव खंडीचा ठरला तरी बिल किलोतच करा. वैधमापन अधिनियम २००९ च्या कलम ११ नुसार भाव आणि बिल प्रमाणित एककातच लागतं.

रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांनाही हेच लागू. घड मोजून गाडी भरली तरी पैसे वजनावर ठरतात, तेव्हा साठा किलोत किंवा क्विंटलमध्ये ठेवा. कंपाउंड युनिट वापरायचं ते जिथे प्रमाण कधीच हलत नाही तिथे: १ क्विंटल = १०० किलो, १ डझन = १२ नग. यात पहिलं एकक मोठं, दुसरं लहान.

आधीच चुकीचं एकक पडलं असेल तर जुन्या बिलांना हात लावू नका. योग्य एककाचा नवा माल उघडा, शिल्लक स्टॉक जर्नलने (साठा एका मालातून दुसऱ्यात हलवायची टॅलीतली नोंद) तिकडे वळवा आणि त्या महिन्याचा तक्ता १२ सीएंना दाखवूनच विवरण भरा.