गोळी स्वस्त झाली, पातळ नाही

‘मधुमेहाची स्वस्त गोळी म्हणजे कमी दमाची’ ही समजूत वर्षानुवर्षं फिरतेय. ती चुकीची आहे, आणि तिच्यापायी लोक खिसा रिकामा करतात.

एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचं मूळ पेटंट भारतात मार्च 2025 मध्ये संपलं. अनेक कंपन्या उतरल्या आणि साठेक रुपयांची गोळी दहाच्या आसपास आली. मोडली ती मक्तेदारी. रेणू तोच राहिला.

गोळी स्वस्त असो वा महाग, बाजारात येण्याआधी बॅचमधल्या काही गोळ्या 37 अंशांच्या द्रावात ढवळून, ठरलेल्या मिनिटांत किती औषध विरघळलं ते मोजतात. हे काम फार्मसी, रसायनशास्त्र शिकलेली मुलं करतात.

डॉक्टरांशी बोलून ब्रँड बदलताना पट्टीवरचं घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या.