पार्श्वभूमी: पाळणाघरातले दहा दिवस

आजारी मूल पाळणाघरात आणायचे नाही, हा नियम पाळणाघरांइतकाच जुना आहे. 1844 मध्ये पॅरिसात पहिले पाळणाघर निघाले तेव्हाही तापलेल्या बाळाला दारातूनच परत पाठवत. पुढे कांजिण्या, गोवर, हात-पाय-तोंडाचा आजार असे एकेकाचे दिवस ठरत गेले. त्यात घरी बसायचे ते आजारी मुलाने. शेजारच्या गादीवर झोपलेले धडधाकट मूल दुसऱ्या दिवशी खुशाल यायचे. गोवराच्या साथीत लस न घेतलेल्यांना लांब ठेवत, पण तो अपवाद. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या वेळी अमेरिकेत आधी सात दिवस सांगितले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम सैल झाला: औषधाशिवाय ताप उतरून 24 तास झाले की मूल परत येऊ शकते.

कोविडने हा हिशेब उलटा केला. लक्षणे नसलेला माणूसही रोग पसरवतो म्हटल्यावर निरोगी दिसणारे मूलही संशयित ठरले. पाळणाघरांचे पुढचे सगळे वाद इथून सुरू होतात.

मार्च 2020 मधल्या टाळेबंदीबद्दल नव्याने सांगण्यासारखे काही नाही. एवढेच लक्षात ठेवायचे की अनेक देशांत पाळणाघरे पूर्ण बंद झालीच नव्हती. डॉक्टर, परिचारिका, वाहनचालक यांची मुले कुणीतरी सांभाळायलाच हवी होती, म्हणून त्यांच्यापुरते दार उघडे राहिले. स्वीडनने तर लहान मुलांच्या शाळा बंदच केल्या नाहीत. डेन्मार्कने 15 एप्रिलला पाळणाघरे उघडली. मुलांचे छोटे गट केले, जास्तीत जास्त वेळ उघड्यावर घालवला, आणि हात धुणे एवढे की मुलांची कातडी सोलवटावी. नॉर्वेने पाच दिवसांनी तेच केले, इंग्लंडने 1 जूनला. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 666 पाळणाघरे पुन्हा सुरू झाली. दोन महिन्यांत 29 ठिकाणी मिळून 52 रुग्ण सापडले, पण पाळणाघराच्या आत एकाकडून दुसऱ्याला लागण झाल्याची शक्यता फक्त चार ठिकाणी दिसली. त्यापायी घरी बसावे लागले मात्र साडेआठशेच्या वर मुलांना आणि कर्मचाऱ्यांना. या आकड्यांकडे तेव्हा ‘पाळणाघरे सुरक्षित आहेत’ याचा पुरावा म्हणून पाहिले गेले. 52 विरुद्ध साडेआठशे हे प्रमाण फारसे कुणी उच्चारले नाही.

आता शब्दांचा गुंता. तो सोडवल्याशिवाय कुठलेही परिपत्रक वाचून उपयोग नाही. मराठीत आपण ‘विलगीकरण’ म्हणतो, ‘अलगीकरण’ म्हणतो, आणि बोलताना सरसकट ‘क्वारंटाइन’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात गोष्टी दोन आहेत. ज्याला लागण झाली आहे त्याला वेगळे ठेवायचे ते विलगीकरण. जो फक्त संपर्कात आला, ज्याला कदाचित काहीच झालेले नाही, त्याला वेगळे ठेवायचे ते अलगीकरण. पहिल्याचे दिवस संसर्ग किती दिवस पसरतो यावर ठरतात, दुसऱ्याचे अधिशयन काळावर, म्हणजे विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावर. त्यामुळे 2020 मध्ये अमेरिकेत बाधिताला दहा दिवस आणि नुसत्या संपर्कात आलेल्याला चौदा, असा प्रकार होता. आजारी मूल आधी परत यायचे आणि निरोगी नंतर. पालकांना हा वेडेपणा वाटे. तर्क मात्र बरोबर होता, फक्त तो कुणी नीट समजावून सांगितला नाही.

या दोन घड्याळांची गाठ घरात पडली की खरी पंचाईत व्हायची. आई पॉझिटिव्ह आली तर दीड वर्षाचे मूल तिच्यापासून वेगळे ठेवणार कसे? ते शक्य नसेल तर संपर्क रोजच चालू. म्हणून नियम असा की मुलाचे अलगीकरण आईचे विलगीकरण संपल्यावर सुरू होणार. आईचे दहा, मग मुलाचे चौदा, मिळून चोवीस दिवस. मध्येच मोठ्या भावंडाला लागण झाली तर पाटी पुन्हा कोरी. त्यात ‘शून्यावा दिवस’. शेवटचा संपर्क ज्या दिवशी झाला तो दिवस शून्य धरायचा, मोजणी दुसऱ्या दिवसापासून. एका दिवसाच्या या फरकावरून पाळणाघरांच्या दारात जेवढी वादावादी झाली, तेवढी विषाणूवरून झाली नसेल.

‘निकट संपर्क’ हाही असाच पोकळ शब्द. सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटे, ही व्याख्या. ऑक्टोबर 2020 पासून ती पंधरा मिनिटे 24 तासांतली एकूण बेरीज ठरली. शाळेत ती निदान मोजता येते, आणि मास्क लावून तीन फुटांवर बसलेल्या विद्यार्थ्यांना पुढे त्यातून सूटही मिळाली. पाळणाघरात बाळाला कडेवर घ्यावे लागते, नाक पुसावे लागते, एकाच्या तोंडातले खेळणे दुसऱ्याच्या तोंडात जाते. तिथे निकट संपर्क म्हणजे अख्खी खोली. एक पॉझिटिव्ह निघाला की सगळे घरी.

2 डिसेंबर 2020 ला अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेने चौदा दिवसांना दोन पर्याय दिले: चाचणीशिवाय दहा दिवस, किंवा पाचव्या दिवशी वा नंतर केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर सात. फेब्रुवारी 2021 पासून लसीकरण पूर्ण झालेल्यांना अलगीकरणातून सूट मिळाली. शाळांसाठी ‘चाचणी करा आणि थांबा’ ही पद्धत आली. संपर्कात आलेल्या मुलाची ठरावीक दिवसांनी चाचणी करायची आणि निगेटिव्ह असेतो त्याला वर्गात बसू द्यायचे. डिसेंबर 2021 मध्ये तिला वरूनही मान्यता मिळाली. अलगीकरणातून बाहेर पडायला असे तीन रस्ते तयार झाले: मास्क, लस आणि चाचणी.

दोन वर्षांखालच्या बाळाला तिन्ही बंद होते. इतक्या लहान मुलाला मास्क लावू नये, यावर सगळ्यांचे एकमत. (जागतिक पातळीवरची सूचना तर पाच वर्षांपर्यंत सक्ती नको अशी होती, अमेरिकेने ही रेषा दोनवर ओढली, त्यावरून वेगळा वाद झाला.) पाच वर्षांखाली लस नव्हती. दुकानात मिळणारी घरगुती अँटिजेन किट दोन वर्षांपासून पुढच्या वयासाठी मंजूर होती. उरले ते फक्त दिवस मोजणे.

चाचणीच्या बाबतीत सर्वात कल्पक मार्ग जर्मनीतल्या कोलोन शहराने काढला. तिथल्या पाळणाघरांत मुलांनी नाकात काडी घालून घ्यायची नाही, तीच काडी लॉलीपॉपसारखी तीस सेकंद चोखायची. सगळ्या गटाच्या काड्या एका नळीत टाकून एकच पीसीआर, म्हणजे विषाणू शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी. निकाल निगेटिव्ह आला तर सगळे मोकळे, पॉझिटिव्ह आला तरच एकेकाची वेगळी तपासणी. मे 2021 पासून त्याच राज्यातल्या प्राथमिक शाळांनीही ही पद्धत घेतली. साथ ओसरलेली असताना ही एकत्र तपासणी स्वस्त पडते. लागण वाढली की जवळपास प्रत्येक नळी पॉझिटिव्ह येते आणि प्रयोगशाळा तुंबते. झपाट्याने पसरणारा ओमिक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आला तेव्हा तसेच झाले.

तो ओमिक्रॉनच वादग्रस्त निर्णयाच्या मुळाशी आहे. 27 डिसेंबर 2021 ला अमेरिकेत विलगीकरण आणि अलगीकरण दोन्ही पाच दिवसांवर आणले गेले, मात्र पुढचे पाच दिवस नीट बसणारा मास्क लावायचा. कारण असे दिले गेले की बहुतेक संसर्ग लक्षणांच्या एक-दोन दिवस आधी आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत होतो. टीकाकारांचे म्हणणे, चाचणीची अट न घालता हे करणे म्हणजे कामगार लवकर कामावर यावेत यासाठीची सोय. दोन्हींत तथ्य होते. पण पाळणाघरांच्या दृष्टीने मेख मास्कच्या अटीत होती. ज्याला मास्क लावता येत नाही त्याला पाच दिवसांची सवलत लागू कशी करणार? जानेवारी 2022 च्या पाळणाघरविषयक सूचनांत उत्तर आले: त्याचे दहाच दिवस. आईबापांनी सहाव्या दिवशी कामावर हजर व्हायचे, त्यांच्या बाळाने अकराव्या दिवशी पाळणाघरात यायचे. मधले पाच दिवस मूल कुणी सांभाळायचे, याचा विचार त्या कागदावर कुठेही नव्हता.

हे अपरिहार्य होते असेही नाही. इंग्लंडने 16 ऑगस्ट 2021 पासूनच अठरा वर्षांखालच्यांना संपर्कामुळे घरी बसवणे थांबवले होते, आणि अगदी लहानांना तर घरातच कुणी बाधित असल्याशिवाय चाचणीही सांगितली नाही. विषाणू तोच होता, मुलेही त्याच वयाची. एका देशाने साधने नसलेल्या वयाला नियमातून वगळले, दुसऱ्याने साधने नाहीत म्हणून त्यालाच सर्वात लांब नियम लावला. सावधपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे मुद्दा होता: त्याच खोलीत काम करणाऱ्या बायकांचे पगार तुटपुंजे, त्यांना भरपगारी रजा क्वचितच, त्यांच्या आरोग्याचे काय? 57 हजारांवर बालसंगोपन कर्मचाऱ्यांच्या एका अमेरिकी पाहणीत पाळणाघरात काम करणे आणि लागण होणे यांचा संबंध आढळला नव्हता. पण ती पाहणी 2020 च्या पहिल्या महिन्यांतली, पुष्कळ काळजी घेतली जात असतानाची. ओमिक्रॉनला तिचा दाखला देणे बरोबर नव्हते, तरी दिला गेला.

नियम कोणाचा चालणार हेही धड ठरलेले नव्हते. परवाना देणारे खाते एक सांगे, स्थानिक आरोग्य विभाग दुसरे, आणि पाळणाघराची स्वतःची नियमावली तिसरे. तिघांत जो कडक तोच पाळला जाई, कारण जबाबदारी अंगावर येण्याची भीती चालकाला सर्वात जास्त. परत येताना निगेटिव्ह अहवाल मागण्याची प्रथाही अशीच टिकून राहिली. बरे झाल्यावरही पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते हे कळल्यावर 2020 च्या उन्हाळ्यातच ही अट सर्वसाधारणपणे मागे घेतली गेली होती. पुष्कळ पाळणाघरांत मात्र ती पुढेही चालू राहिली.

छोट्यांच्या लशीची वाट लांबत गेली. दोन ते चार वर्षांच्या मुलांत दोन मात्रा पुरेशा ठरल्या नाहीत, म्हणून डिसेंबर 2021 मध्ये तिसरी जोडायचे ठरले, फेब्रुवारीतली मंजुरीची प्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि अखेर 17 जून 2022 ला सहा महिन्यांपासून पुढच्या मुलांसाठी परवानगी मिळाली. त्यानंतर आठ आठवड्यांनी, 11 ऑगस्टला, अमेरिकेत संपर्कातल्यांचे अलगीकरण जवळपास सर्वांसाठीच रद्द झाले, पाळणाघरांतही. ज्या सवलतीसाठी लस हवी होती ती सवलतच निरर्थक झाली.

1 मार्च 2024 ला बाधितांचे पाच दिवसही गेले. त्या जागी आलेली अट अशी: लक्षणे कमी होत असावीत आणि औषधाशिवाय ताप उतरून 24 तास झालेले असावेत. पाळणाघरांच्या माहितीपत्रकांत स्वाइन फ्लूच्या वर्षापासून छापली जात होती तीच.