सिनेमानंतरचा पाऊण तास

छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, महाविद्यालयांत फिल्म क्लब चालतात, आणि गावाकडं एखादं वाचनालय किंवा बचत गट जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात पडदा बांधतो. सिनेमा विचार करायला लावणारा असावा, यावर सगळ्या आयोजकांचं एकमत असतं. तो विचार नेमका कधी होतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. अंधारात बसलेल्या माणसाच्या मेंदूत काय चालतं, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच काम झालं आहे. त्यावरून दिसतं ते असं, की परिणामाचा मोठा वाटा सिनेमाआधीच्या पाच मिनिटांवर आणि नंतरच्या पाऊण तासावर अवलंबून असतो.

आधी पडद्याची ताकद पाहू. मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी प्रेक्षकांना एमआरआय यंत्रात झोपवून वेगवेगळी चित्रणं दाखवली आणि सगळ्यांच्या मेंदूचा किती भाग एकाच लयीत चालतो ते मोजलं. २००८ साली त्यांनी मांडलेले आकडे बोलके आहेत. हिचकॉक यांनी दिग्दर्शित केलेल्या टीव्हीवरच्या एका थरारकथेत मेंदूच्या बाह्यपटलाचा सुमारे ६५ टक्के भाग प्रेक्षकांमध्ये सारखा चालला. एका गाजलेल्या वेस्टर्न चित्रपटात ४५ टक्के, एका विनोदी मालिकेत १८ टक्के. न्यूयॉर्कच्या एका उद्यानात कॅमेरा नुसता ठेवून घेतलेल्या, कुठंही कात्री न लावलेल्या चित्रणात ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे कुशल दिग्दर्शक आपली नजर, कान आणि धास्ती अक्षरशः हाकत नेतो.

पण हा आकडा पकड किती घट्ट आहे ते सांगतो. विचार किती झाला ते सांगत नाही. घट्ट पकडीचा सिनेमा पाहून माणसं खूश होऊन घरी जातात, आणि तिथंच विषय संपू शकतो. डोक्यात रेंगाळणारे सिनेमे बऱ्याचदा पकड मुद्दाम सैल सोडतात. पात्र असं का वागलं हे सांगत नाहीत, शेवट अर्धा ठेवतात. तिथं प्रेक्षकाला स्वतःचं काहीतरी भरावं लागतं, आणि प्रत्येक जण वेगळं भरतो.

किती वेगळं? २०१७ च्या एका प्रयोगात सगळ्यांना एकच कथा ऐकवली. त्याआधी निम्म्यांना सांगितलं, की कथेतली बायको नवऱ्याला फसवते आहे. उरलेल्यांना सांगितलं, की नवराच संशयी आहे. शब्द तेच, आवाज तोच. तरी दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेणाऱ्या मेंदूच्या भागांत दोन्ही गट एकमेकांपासून फटकून चालले. छोट्याशा प्रस्तावनेनं कथाच बदलली.

आता आपल्याकडचा कार्यक्रम डोळ्यांपुढं आणा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग प्रमुख पाहुण्यांचं मनोगत. त्यात पाहुणे सिनेमा काय सांगतो, कोण चुकलं आणि आपण काय बोध घ्यायचा, हे सगळं सांगून मोकळे होतात. त्यानंतर सत्तर माणसं जे पाहतात तो पाहुण्यांचा सिनेमा असतो. सत्कार करायचाच तर चर्चेनंतर करा. सिनेमाआधी तीन मिनिटं पुरतात: भाषा कोणती, लांबी किती, मध्यंतर आहे की नाही, आणि कुणाला त्रास होईल असं काही दृश्य आहे का. त्यापुढं एक अक्षरही नको.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. शेतकरी आत्महत्येवरचा सिनेमा मराठवाड्यातल्या गावात लावला, तर प्रेक्षकांत असं एखादं घर असण्याची शक्यता धरूनच चालावं. त्या घरी आदल्या दिवशी जाऊन विषय सांगावा. यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. आले तर कडेची, सहज उठून जाता येईल अशी जागा द्यावी. चर्चेत ‘तुमच्यावर कशी वेळ आली ते सांगा’ असा आग्रह सद्भावनेनं होतो आणि फार दुखावतो. तो सूत्रधारानं तिथल्या तिथं थांबवावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा.

साधनांचं थोडक्यात. आठ फूट रुंद पडद्याला तीन ते साडेतीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर चालतो, पण अंधार हवा; मे महिन्यात उघड्यावर साडेसातच्या आत सुरू केलं तर चित्र पांढुरकं दिसतं. पहिली रांग पडद्यापासून बारा फुटांवर ठेवा. प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून साधारण साडेचारशे वॅट धरले, तर १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर इन्व्हर्टर अडीच तासांच्या आसपास टिकतो; बॅटरी जुनी असेल तर निम्मं धरा. मोबाइलवरच्या ओटीटी वर्गणीत जाहीर खेळाची परवानगी नसते, ती हक्कधारकाकडून वेगळी घ्यावी लागते. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरचं वयाचं बंधनही पाहावं. पटांगणात लहान पोरं येतातच.

चित्रापेक्षा जास्त खेळ आवाजामुळं फसतात. पत्र्याचं छत आणि काहीच न टांगलेल्या भिंती असलेल्या वर्गात संवाद घुमतात आणि मागच्या रांगांना नुसता गलका ऐकू येतो. मागच्या भिंतीवर गोधड्या, सतरंज्या टांगा. दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसांच्या डोक्यांपेक्षा थोडे उंच ठेवा. आवाज वाढवून घुमणं जात नाही, उलट वाढतं. श्रावणात पत्र्यावर सर आली की शांत प्रसंग ऐकूच येत नाहीत, म्हणून त्या दिवसांत स्लॅबची खोली शोधावी. सूक्ष्म अभिनयाच्या सिनेमात एक दबका संवाद हुकला, तर पुढच्या चर्चेला पायाच उरत नाही.

सिनेमा संपल्याबरोबर भगभगीत ट्यूब लावून माइक हातात घेणं ही सर्रास दिसणारी चूक. २०११ साली अया बेन-याकोव्ह आणि यादिन दुदाई यांनी लोकांना छोटे चित्रफितीचे तुकडे दाखवले. तुकडा संपल्याक्षणी हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात जी हालचाल उसळली, तिच्यावरून पुढं काय लक्षात राहील याचा अंदाज करता आला. घटना चालू असताना मेंदू ती गोळा करतो आणि संपल्यावर तिचा गठ्ठा बांधतो, असा याचा अर्थ लावला जातो. प्रयोग सेकंदांच्या तुकड्यांवरचा आहे, पूर्ण सिनेमाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरी श्रेयनामावली पूर्ण चालू द्यावी आणि नंतर दोनेक मिनिटं कुणी बोलू नये, एवढं यावरून नक्की करता येतं. त्यात खर्च काही नाही. मध्यंतरही प्रसंग पुरा झाल्यावरच घ्यावं, वाक्याच्या मध्ये नव्हे.

मग चिठ्ठ्या. प्रत्येकानं डोळ्यांसमोर राहिलेला एक प्रसंग लिहायचा. मत नको, नुसता प्रसंग. लिहिता न येणाऱ्यांनी शेजारच्याला सांगायचा. याला पाच मिनिटं द्या, आणि चहा त्यानंतर. कारण असं: २००७ साली अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कॉपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी दाखवलं, की बोलणारा एखाद्या आठवणीचा काही भाग सांगतो आणि काही वगळतो, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनातूनही तो वगळलेला, पण त्याच विषयाशी जोडलेला भाग निसटू लागतो. म्हणजे पहिला वक्ता नुसतं स्वतःचं मत देत नाही. बाकीच्यांना काय आठवेल तेही काही अंशी ठरवतो. हुंड्यावरच्या सिनेमानंतर पहिल्यांदा सरपंच बोलले आणि वरबापाच्या कर्जाविषयीच बोलले, तर स्वयंपाकघरातला प्रसंग मागं पडतो. चिठ्ठीवर आधी लिहिलेला प्रसंग असा सहज पुसला जात नाही.

चर्चा पाच-सहा जणांच्या गटांत, वीस मिनिटं. साठ माणसांच्या एका वर्तुळात सात-आठ जण बोलतात, बाकीचे माना डोलावतात. बायकांचे गट वेगळे ठेवले तर त्या मोकळ्या बोलतात. सासू-सून एकाच गटात नकोत, हे गावातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

गटात कोण कसं बोलतं याचं महत्त्व दाखवणारा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या डार्टमथ इथल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना अनोळखी चित्रपटांचे आवाज काढून टाकलेले तुकडे दाखवले. मग छोट्या गटांत बसून ‘इथं काय घडतंय’ यावर एकमत करायला सांगितलं, आणि तेच तुकडे पुन्हा दाखवले. बोलणं झाल्यावर गटातल्यांचे मेंदू जास्त सारखे चालू लागले. पण ज्या गटांत वजनदार समजले जाणारे लोक जास्त बोलत, इतरांचं म्हणणं उडवून लावत, तिथं हे जुळणं कमी झालं. याउलट ज्यांचे वर्गात अनेकांशी संबंध होते ते इतरांना बोलतं करत, स्वतः थोडं सरकत, आणि त्यांचे गट जास्त जुळले. हुकमानं मान हलते, समजूत तिथल्या तिथं राहते. म्हणून सूत्रधार निवडताना पद पाहू नका. अंगणवाडीताई किंवा दुकानात बसून सगळ्यांशी चार शब्द बोलणारा माणूस मुख्याध्यापकांपेक्षा बरा पडतो. पुढारी, गुरुजी, पाहुणे यांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं, हे आधीच ठरवून घ्या. पाहुण्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.

प्रश्नांचा क्रमही ठरलेला असावा. आधी काय दिसलं: त्या प्रसंगाआधी काय झालं, खोलीत कोण होतं, कोण गप्प राहिलं. मग कुठं पटलं नाही. ‘बोध काय?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याला शाळेतलं उत्तर येतं आणि विषय मिटतो.

चर्चा म्हणजे चांगलंच, हा समज मात्र सोडून द्यावा लागतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पॅलक यांचे आफ्रिकेतले दोन अभ्यास इथं शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. रवांडात लोकांनी वर्षभर गटागटानं सलोख्याची रेडिओ मालिका ऐकली. त्यांची स्वतःची ठाम मतं फारशी हलली नाहीत, पण ‘आपल्या समाजात काय चालतं, काय शोभतं’ याची कल्पना बदलली आणि वागणंही. काँगोत मालिकेनंतर काही प्रदेशांत चर्चेला उत्तेजन देणारा कार्यक्रमही लावला. तिथं लोक जास्त बोलले, आणि जास्त असहिष्णूही झाले; नावडत्या गटाला मदत करायची तयारी घटली, जुनी गाऱ्हाणी वर आली. नुसतं ‘बोला, मोकळं व्हा’ म्हटलं की हे होऊ शकतं. जातीवरचा सिनेमा मिश्र वस्तीच्या गावात दाखवल्यावर दहाव्या मिनिटाला बोलणं ‘आमच्यावर काय कमी अन्याय झाला?’ इथं येतं, ते याच वाटेनं. उपाय पूर्ण नाही, पण एक नियम बराच उपयोगी पडतो: पहिली पंधरा मिनिटं फक्त पडद्यावरच्या माणसांबद्दल बोलायचं, गावातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. सूत्रधार दोन असावेत, दोन वेगवेगळ्या समाजांतले.

रवांडाच्या अभ्यासातून एक प्रश्न उचलता येतो. ‘तुम्हाला काय वाटतं?’ याऐवजी ‘आपल्या गावात दहांपैकी किती जणांना हे पटत असेल?’ असं विचारावं. लोक गुप्तपणे हा आकडा आणि स्वतःचं मत लिहितात, मग सगळ्यांची खरी मतं मोजून शेजारी मांडायची. दोन आकड्यांत फरक निघाला, तर तो पाहून जी शांतता पसरते, तिथून खरं बोलणं सुरू होतं.

सिनेमा एखादी कृती सुचवत असेल, तर ती हाताशी हवी. नायजेरियात एचआयव्हीवरची एक तरुणांची मालिका सभागृहांतून दाखवली आणि आठ महिन्यांनी पाहिलं, तर ती पाहिलेल्यांत चाचणी करून घेण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं. आपल्याकडं रक्तक्षयावरचा लघुपट दाखवून हिमोग्लोबिन तपासायला तालुक्याला जा म्हटलं, तर कुणी जात नाही. आरोग्य उपकेंद्राच्या ताई दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच बसतील अशी सोय आधी करावी.

परिणाम मोजायचा तर त्याच रात्री अभिप्राय घेऊन भागत नाही. चहा पाजणाऱ्याला कुणी वाईट लिहून देत नाही. दुसऱ्या महायुद्धात कार्ल हॉव्हलंड यांच्या पथकानं अमेरिकी सैनिकांना एक युद्धपट दाखवून काहींना पाच दिवसांनी, काहींना नऊ आठवड्यांनी विचारलं. नऊ आठवड्यांनी तपशील बरेच विसरले गेले होते, पण काही मतांवरचा परिणाम मात्र पाच दिवसांनंतरच्यापेक्षा जास्त दिसला. तेव्हा तेच तीन प्रश्न तीनदा विचारा: आधी, दुसऱ्या दिवशी आणि दोन महिन्यांनी. बीड-धाराशिवच्या ऊसतोड कामगारांच्या गावांत तारखा त्यानुसार धराव्या लागतात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. सप्टेंबरअखेर दाखवलेल्या सिनेमाची दोन महिन्यांनंतरची उत्तरं द्यायला गावात फक्त म्हातारी माणसं उरतात. जुलैअखेर दाखवला, तर सप्टेंबरअखेर सगळे भेटतात. जमल्यास शेजारच्या गावात त्याच आठवड्यात दुसऱ्याच विषयावरचा सिनेमा लावून तिथंही हेच प्रश्न विचारावेत. दोन्ही गावांत मतं सारखीच सरकली असतील, तर ती सिनेमानं सरकवलेली नाहीत. त्या दोन महिन्यांत पाऊस, भाव किंवा निवडणूक यांपैकी काहीतरी घडून गेलेलं असतं.