यकृत सुजते, दोष हृदयाचा

पंचविशीतल्या मुलाचे लिव्हर सुजलेय असे सोनोग्राफीत निघाले, की गोव्यात घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'पितोस काय?' पीत असेल तर शोध तिथेच संपतो. पीत नसेल तर काविळीचा झाडपाला सुरू होतो. हृदयाची आठवण सगळ्यांत शेवटी. वैद्यकाला मात्र या दोन अवयवांची सोयरीक जवळजवळ दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी स्टेथोस्कोपवरचा ग्रंथ १८१९ मध्ये काढला, आणि 'सिरोसिस' (यकृत कडक, गाठाळ होणे) हे नावही त्याच ग्रंथातले. पुढे १८३३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस किर्नन यांनी यकृत ज्या बारीक तुकड्यांचे बनलेले असते, त्या खंडिकांची रचना उलगडली. रक्त तुंबलेले यकृत कापले, की जायफळासारखे दिसते. फोंड्याच्या कुळागरात पोफळींच्या सावलीत वाढलेले जायफळ आडवे कापून पाहा: फिकट गरात गडद, वेड्यावाकड्या रेघा. (गार्सिया द ओर्तांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात जायफळावर लिहिले आहे, ते पुढे शवविच्छेदनाच्या टेबलावर पोचेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.)

असे होते, कारण यकृतातून निघालेले रक्त थेट हृदयाच्या उजव्या बाजूला जाते. ती बाजू थकली, की रक्त मागे तुंबते. खंडिकेच्या मधल्या शिरेजवळच्या पेशींना एरवीही प्राणवायू कमीच मिळतो; त्या आधी गुदमरतात. वर्षानुवर्षे हेच चालले, तर यकृतात व्रणासारखे कडक तंतू धरतात. उलट हृदयाचा जोर अचानक ओसरला, तर एसजीपीटी (यकृताच्या पेशी दुखावल्या, की रक्तात वाढणारे एन्झाइम) एक-दोन दिवसांत हजारांच्या घरात जाते आणि साधी कावीळ समजून फसगत होते.

हे ओळखायची एक खूण विल्यम पाश्चर यांनी (लुई नव्हेत) १८८५ मध्ये नोंदवली. रुग्णाचे डोके थोडे उंच ठेवायचे, पोटावर तळहात दाबून धरायचा आणि मानेची शीर बघायची. ती फुगून तशीच राहिली, तर उजव्या हृदयाला येणारे रक्त पेलत नाही. काही सेकंदांची, बिनपैशांची तपासणी. ती वगळून थेट स्कॅन लिहून देण्यात कसले शहाणपण?

तरुणांत एके काळी रक्त असे तुंबण्याचे मोठे कारण होते लहानपणच्या रुमॅटिक तापाने आकसलेली हृदयाची झडप. ते अजून पुरते गेलेले नाही. नवे कारण मात्र शस्त्रक्रियेच्या यशातून आले. हृदयात दोनऐवजी एकच पंप (रक्त फेकणारा कप्पा) घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी बोर्दोच्या फ्रान्सिस फोंताँ यांनी १९६८ मध्ये शरीरातले अशुद्ध रक्त पंपाविना थेट फुप्फुसांकडे वळवले. ही मुले आता तरुण झाली आहेत. शिरांमधला वाढीव दाब मात्र जन्माचा सोबती. म्हणून दारूचा थेंबही न घेतलेल्या विशीतल्या यकृतात तंतू सापडतात.

उलट दिशेचा संबंधही जुनाच. कोवाल्स्की आणि एबलमन या संशोधकांनी १९५३ मध्ये सिरोसिसच्या रुग्णांत हृदय प्रमाणाबाहेर रक्त फेकत असल्याचे दाखवले. दारू तर दोघांनाही पोखरते. फेणीला यातून सूट नाही, पण सगळे खापर तिच्यावर फोडणेही बरोबर नव्हे. आज वजन आणि साखर वाढलेल्या तरुणांत फॅटी लिव्हर सर्रास निघते, आणि अशा रुग्णांचा जीव घेण्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार यकृताच्याही पुढे असतात. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी' लिहून आले, की रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघायलाच हवे. दम लागत असेल किंवा पाय सुजत असतील, तर टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही.