वारा गवताचं पाणी पितो

भर दुपारी गोल्फच्या ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, चार पावलं चालावं आणि मागे वळून पाहावं. गवताला पाणी पुरेसं असेल तर दबलेली पाती लगेच ताठ होतात, ठसे पुसले जातात. ठसे तसेच राहिले आणि आसपासच्या हिरव्यावर निळसर-करडी झाक आली, तर पात्यांमधलं पाणी कमी पडायला लागलंय. कोरड्या, वाऱ्याच्या प्रदेशात मैदान राखणारा माणूस यंत्रं बघायच्या आधी हे ठसे बघतो.

दोष सहसा उन्हाला दिला जातो. माझ्या मते वारा फार स्वस्तात सुटतो. प्रत्येक पात्याला दमट, जवळजवळ स्थिर हवेचं पातळ अस्तर असतं. पर्णरंध्रांतून निघालेली वाफ त्यातून सावकाश बाहेर पडते. वारा हे अस्तर उडवून नेतो आणि कोरडी हवा थेट पात्याला भिडते. त्यात ग्रीनवरचं गवत जेमतेम ३ मिलिमीटरवर कापलेलं! एवढ्याशा पानात अन्न कमी तयार होतं, म्हणून मुळंही आखूडच राहतात.

मग पाणी वाढवायचं? रोज थोडं थोडं शिंपडलं तर ओल वरच्या वर राहते आणि मुळंही तिथेच रेंगाळतात. त्यापेक्षा दोन पाण्यांत अंतर ठेवून खोलवर भिजवलेलं बरं, तेही पहाटेच्या आधी, वारा पडलेला असताना. दिवसा फवारे सोडले की पाण्याचं वर्तुळ एका अंगाला वाहत जातं: इकडे कोरडं, तिकडे चिखल. दुपारी पाइपने हलका शिडकावा करतात तो गवताची तहान भागवायला नव्हे, अंग निववायला. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता ओढून घेतली जाते.

एवढं करूनही एखादा डाग कोरडाच राहतो, कारण अनेक ग्रीन खाली वाळूवर उभी असतात: सुमारे ३० सेंटिमीटर वाळू, तिच्याखाली खडी. कुजलेल्या पाला-मुळांचा मेणचट लेप वाळूच्या कणांवर चढतो आणि एकदा वाळलेली वाळू पाणीच घेईनाशी होते. तिथली माती काढून वर थेंब सोडा, अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहतो. अशा जागी साबणासारखं काम करणारं द्रावण द्यावं लागतं, नाहीतर पाणी बाजूने निघून जातं.

मुळांना हवा मिळावी म्हणून ग्रीनला भोकं पाडून त्यांत वाळू भरतात. हे काम गवत जोमात वाढत असतानाच करायचं, आणि वाऱ्याचा आठवडा टाळून. भोकांच्या कडा फार लवकर सुकतात. उघड्यावरच्या ग्रीन फार बारीक कापण्याचा मोहही आवरावा लागतो. जुलै २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला ओपन या गोल्फ स्पर्धेत वाऱ्याने ग्रीनवरचे चेंडू आपोआप सरकू लागले आणि खेळ दहा तासांहून अधिक थांबवावा लागला.

थंडीत बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच, तपकिरी होऊन झोपी जाते. तिचं तसं ठीक असतं. खरा धोका असतो तो जमीन गोठते तिथे. मुळांना पाणी ओढता येत नाही, वर कोरडा वारा मात्र चालूच. भर हिवाळ्यात गवत तहानेनं मरतं आणि पत्ता लागतो वसंतात. म्हणून आधीच वाळूचा जाड थर देतात, हवा खेळेल अशी आच्छादनं घालतात आणि बर्फ नसलेल्या, जमीन सैल झालेल्या एखाद्या दिवशी पाणीही देऊन घेतात.

हिवाळा सरत आला की होल पाडायच्या १०८ मिलिमीटरच्या हत्याराने तपकिरी गवताचा एक गोळा मातीसकट काढायचा, घरात उबदार खिडकीत ठेवायचा आणि ओला ठेवायचा. दोनेक आठवड्यांत हिरवे कोंब दिसले तर ठीक, नाहीतर बियाणं मागवायचं.