खंदकवेष्टित मॅनर (इंग्लंड)

मध्ययुगीन इंग्लंडमधील जमीनदाराचा वाडा आणि त्याला वेढणारा रुंद खंदक मिळून झालेले निवासस्थान. मॅनर म्हणजे जमीनदाराची जहागीर; तिचा कारभार या वाड्यातून चाले. अशी सुमारे ६,००० स्थळे ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक १२५० ते १३५० या काळातील असून देशाच्या मध्य व पूर्व भागांत ती दाटीने आढळतात. सफक आणि एसेक्समध्ये चिकणमाती विपुल आहे. तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही, त्यामुळे खंदक भरलेला राही.

खंदक म्हटला की आपल्याला भुईकोट आठवतो; पण इथे वेढा झुंजवण्याचा विचार क्वचितच होता. चोर आणि मोकाट गुरे बाहेर राहत, पाणथळ जमिनीचा निचरा होई, मासे पाळता येत. तरी मुख्य कारण प्रतिष्ठेचेच दिसते. बड्या सरदारांच्या किल्ल्यांना खंदक असत, मग लहान जमीनदारानेही आपल्या घराभोवती तो खणून घेतला. निघालेली माती बऱ्याचदा आतच पसरून चौथरा उंच केला जाई.

केंटमधील आयटम मोट हा चौदाव्या शतकातील वाडा आजही पाण्याने वेढलेला उभा आहे. असे भाग्य थोड्यांचेच. एरवी कुरणात चौकोनी चर आणि मधला सपाट उंचवटा एवढेच उरते, तेही तिरप्या उन्हात किंवा विमानातून नीट उमगते. कॉर्नवॉलमधील पेनहॅलम येथे १९६८ ते १९७३ दरम्यान उत्खनन झाले. हा वाडा चौदाव्या शतकात ओस पडला, दगड लोकांनी नेले, पण त्या जागी पुन्हा बांधकाम झाले नाही. म्हणून चौकाभोवतीच्या चारही बाजूंच्या इमारतींचा आराखडा पायांवरून स्पष्ट वाचता येतो.

खरा ठेवा मात्र चौथऱ्यावर नसून खंदकाच्या गाळात असतो. तिथे हवा पोचत नाही, म्हणून पुलाचे लाकूड, चामड्याचे जोडे, बिया, परागकण, किड्यांची कवचेसुद्धा टिकतात. लाकडातील वाढीची वलये मोजून झाड कधी तोडले तेही अनेकदा काढता येते. शौचकूप खंदकात उघडत असल्यास घरातल्यांचे खाणेपिणेही कळते. मात्र शेतीसाठी भोवतालचे पाणी उपसून काढले की गाळ सुकतो, आणि वरचा उंचवटा जसाच्या तसा दिसत असतानाही खालचे लाकूड कुजू लागते.