मोबाइल लावून दिला की मूल लवकर बोलतं?

‘दीड वर्षाच्या मुलाला रोज बालगीतांचे व्हिडिओ लावून द्या, लवकर बोलेल’ हा सल्ला वडोदऱ्यातल्या मराठी घरांत वर्षानुवर्षं फिरतोय. बाहेर गुजराती, घरात मराठी. मुलाची भाषा मागे पडू नये, ही काळजी अगदी रास्त आहे. पण व्हिडिओ एकटा हे काम करत नाही.

बोलणं शिकायला उत्तर मिळावं लागतं. मूल ‘बू’ म्हणालं की आजी म्हणते, ‘हो रे, भूभू आला!’ व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही. शिवाय पडद्यावर दिसलेली गोष्ट समोरच्या खऱ्या वस्तूशी जोडणं दोन वर्षांच्या आतल्या मुलांना अवघड जातं. पुढे ते हळूहळू जमतं. पुण्याच्या आत्याचा व्हिडिओ कॉल मात्र वेगळा, कारण ती मुलाला उत्तर देते.

घरी पाहता येईल. ‘किसणी’ हा शब्द आठवडाभर फक्त व्हिडिओतून दाखवा, ‘झारा’ हातात देऊन शिकवा. मग दोन्ही आणखी दोन-तीन अनोळखी वस्तूंसोबत समोर ठेवून एकेक मागा. एका मुलावरून निष्कर्ष पक्का होत नाही, पण फरक बहुधा जाणवेल.

बालवाडीत टॅबलेट असेल तर ताईंना एवढंच विचारा: तो चालू असताना मुलांशी कोण बोलतं?